दहा चाळीसचं वाक्य

ओव्हर देताना आम्ही पेशंटचं नाव घेत नाही. हे कुणी शिकवलेलं नाही, अंगवळणी पडलेलं आहे. ड्यूटी बदलली की जाणारी सिस्टर आणि येणारी सिस्टर बेडच्या पायाशी उभ्या राहतात आणि जाणारी सांगत सुटते: तीन नंबर हार्ट, चार नंबर न्यूमोनिया, सहा नंबर किडनी. याला ओव्हर देणं म्हणतात. पेशंट शुद्धीवर असेल तर आमचा आवाज जरा खाली येतो. बेशुद्ध असेल तर कशाला येईल? तिथं आम्ही स्वतःच्या स्वयंपाकघरात बोलावं तशा बोलतो. पाच नंबर पॉयझन, पोलीस केस, घरचे अजून आलेले नाहीत. आणि मग एखादं वाक्य जास्तीचं, जे कुठल्याच वहीत लिहायचं नसतं.

मी वनमाला ढोके, नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाची इन्चार्ज सिस्टर. नोकरीला एकतीस वर्षं झाली, येत्या मार्चात निवृत्त होईन. सांगते आहे ते याच वर्षीचं, दोन हजार एकोणचाळीसचं. मूळची मी दर्यापूरकडची. नर्सिंग कॉलेजात पहिल्याच आठवड्यात बाकीच्या मुली माझ्या बोलण्याला हसल्या, तेव्हापासून घासूनपुसून शुद्ध बोलायला शिकले. आता वऱ्हाडी फक्त दोन वेळा तोंडातून निघते. बहिणीचा फोन आला की, आणि डोकं फिरलं की.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे श्रवणपट्टी आली. कपाळावर बांधायची, दोन बोटं रुंद, आत बारीक बारीक सेन्सर. आधी ती फक्त गुंगीचं औषध किती द्यायचं हे ठरवायला वापरत. मग संशोधकांच्या लक्षात आलं, की कानावर पडलेला नुसता आवाज आणि समजलेला शब्द यांच्या लहरी मेंदूत वेगवेगळ्या उमटतात. स्टूल सरकल्याचा आवाज येतो आणि विरून जातो. शब्द समजला की मेंदू त्याच्या मागोमाग चालतो. गुंगीतला मेंदू बरंचसं सोडून देतो, पण सगळं सोडत नाही. आपल्याबद्दल बोललेलं तर सहसा सोडत नाही.

दुसरा शोध आमच्या दृष्टीनं जास्त अडचणीचा होता. मेंदूला जे ठेवून घ्यायचं असतं त्याची तो झोपेत उजळणी करतो, शाळेतली मुलं पाढे म्हणतात तशी, फक्त कितीतरी पट वेगानं. पट्टीला मन वाचता येत नाही, हे मी प्रत्येक नातेवाइकाला सांगून थकले. तिच्याजवळ वॉर्डात टिपलेला आवाज असतो आणि डोक्यातल्या लहरी असतात. दोन्ही शेजारी ठेवून ती एवढंच सांगते, की अमुक वाजता बोललेलं अमुक वाक्य आत पोचलं आणि नंतर साध्या झोपेत इतक्या वेळा परत आलं. गुंगी उतरून दोन रात्री नीट झोप झाली की पत्रक तयार होतं. ते इन्चार्जच्या हातात येतं. इन्चार्जनं पेशंटजवळ बसून एकेक ओळ उलगडायची.

याचा फायदा झाला, नाही म्हणणार नाही. पूर्वी माणसं घरी गेल्यावर महिनोन्‌महिने भलत्याच आठवणींनी दचकून उठायची. एका आजोबांची पक्की समजूत होती की इथं त्यांचा लिलाव झाला. पत्रकात निघालं काय, तर धुऊन आलेल्या चादरी मोजताना आमच्या मावशी म्हणाल्या होत्या, "एक, दोन, तीन, घ्या हो घेऊन." आजोबा हसले आणि मग बराच वेळ रडले. त्यानंतर त्यांना झोप लागायला लागली.

पण पत्रकात आधी एक रकाना होता: कोण बोललं. परिचारिका संघटनेची मी तेव्हा सचिव होते. मीच सभेत उभी राहिले. आमच्या बायका बारा-बारा तास पायावर असतात, तोंडातून एखादा शब्द जातो, त्याचा पुरावा करून ठेवणार का, असं मी विचारलं. प्रशासनानं ऐकलं. रकाना गेला. आवाजही बहात्तर तासांनी पुसून टाकायचा, फक्त शब्द आणि बोलणाऱ्याच्या वयाचा अंदाज ठेवायचा, असं ठरलं. शिवाय एखादी ओळ बिनमहत्त्वाची वाटली तर इन्चार्जनं तिच्यापुढे 'गोंगाट' अशी खूण करायची, म्हणजे ती ना डॉक्टरला दिसणार ना पेशंटला. हे तिन्ही नियम माझे. मला टाळ्या पडल्या होत्या.

आता त्या सोमवारचं.

पाच नंबरला हेमांगी पगार होती, तेहतीस वर्षांची. हृदयाच्या स्नायूलाच जंतुसंसर्ग झाला होता. एकोणीस दिवस आम्ही तिला धरून ठेवलं होतं. बोलता येत होतं तोवर रोज विचारायची, "सिस्टर, पोरीचा पहिलीचा निकाल बघायला मिळेल ना मला?" सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ती गेली. साडेनवाला बेड धुऊन झाला. दहाला त्याच बेडवर खालच्या तातडीच्या विभागातून दुसरी मुलगी आली, चोवीस वर्षांची. घेऊ नये ते घेतलेलं. मैत्रिणीनं वेळेत आणलं होतं म्हणून हाती लागली. नळ्या घातल्या, व्हेंटिलेटर लावला, पट्टी बांधली. खालची सिस्टर ओव्हर देऊन गेली आणि दहा चाळीसला मी तोच ओव्हर लिडियाला देत होते. लिडिया गायकवाड, माझ्या हाताखालची सगळ्यात हुशार मुलगी.

तेव्हा मला राग आला होता, अगदी पोटातून. एकीला जगायचं होतं, तिला आम्ही वाचवू शकलो नाही, आणि तिच्याच गादीवर ही. या पेशंटांबद्दल आमच्यात पहिल्यापासून असंच बोललं जातं. मी नवी होते तेव्हा, पोट धुवायला मुद्दाम जाड नळी मागणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. म्हणजे पेशंट परत असं करणार नाहीत, म्हणायच्या. मी स्वतः कधी जाड नळी वापरली नाही, आणि या गोष्टीचा मला अभिमान होता. माझा हात हलका आहे, असं सगळे म्हणतात. जिभेचा विचार मी कधी केला नव्हता.

मुलगी बुधवारी शुद्धीवर आली, नळी निघाली. प्रणिता टापरे. द्राक्षं परदेशी पाठवण्याआधी तपासतात त्या प्रयोगशाळेत काम करायची, खोली घेऊन एकटी राहायची. मूळची दर्यापूरची निघाली. मला जरा कसंसंच झालं, पण मी तिला ते बोलून दाखवलं नाही.

गुरुवारी दुपारी मानसोपचाराच्या डॉ. समीना दलवाई माझ्या टेबलाशी आल्या. या बाई कधी खुर्चीत बसत नाहीत, उभ्यानंच घाईघाईत बोलतात.

"ढोके सिस्टर, तुमच्या भागातली आहे ना ती? आईचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करते. आई सोमवारपासून बाहेर बाकावर आहे, तिला आत येऊ देत नाही. परवा सुट्टी, आणि म्हणते खोलीवर एकटी जाणार."

"मग सोडू नका."

"सज्ञान आहे. किती दिवस अडवणार? घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात, सिस्टर. कुणीतरी जवळ हवं. तिला दुसरं कुणी नाही, आईच आहे. बघा ना जरा बोलून."

मी गेले. प्रणिता छताकडे बघत पडली होती. केसांचा पार गुंता झालेला. मी उशी सारखी केली, पाणी पाजलं आणि म्हटलं, "आई अजून बाहेरच आहेत, बाळा."

"त्यांना परत पाठवा."

"का ते सांगशील?"

तिनं भिंतीकडे तोंड केलं. नळीनं घसा सोलवटला होता, त्यामुळे आवाज खरखरीत निघत होता. "ती आली होती. मला डोळे उघडता येत नव्हते, पण ऐकू येत होतं. माझ्या पायाशी उभी राहिली आणि म्हणाली, खरंच मरायचं असतं तर वाचली नसती ही, सगळी नाटकं आहेत."

"आईच होती कशावरून?"

"आईचा आवाज कळत नाही का, सिस्टर?" ती म्हणाली. "तिला जे वाटतं ते तिनं सांगून टाकलं. आता मला तिच्याकडून काही ऐकायचं नाही."

मला सणक आली. कसली आई ही, असं म्हणतच मी बाहेर गेले. त्या वाक्यानं मला काही आठवायला हवं होतं, पण नाही आठवलं. मुलीनं ते शुद्ध मराठीत सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे असली वाक्यं इतकी बोलली जातात की त्यातलं कुठलं आपलं हे लक्षातही राहत नाही.

कांताबाई टापरे बाकाच्या अगदी कडेला बसल्या होत्या, जशी काही पूर्ण बाकावर बसायची परवानगी नव्हती. मला बघून उठल्या. पिशवीतून एक फणी आणि तेलाची बाटली काढून पुढे केली.

"बाई, मले येऊ देत नसन तं नसू द्या. पन तिचे केस कोनी विंचरून द्या ना. गुतून राह्यले असतीन. लय दाट हायेत तिचे."

मी फणी घेतली नाही. माझ्या त्या घासूनपुसून घेतलेल्या मराठीत मी त्यांना म्हणाले, "मुलगी मरणाच्या दारात पडलेली असताना तिच्या पायाशी उभं राहून नाटकं आहेत म्हणालात ना? मग आता केसांची कसली काळजी करता? बेशुद्ध माणसाला ऐकू येतं, एवढं तरी लक्षात ठेवा."

"म्या म्हटलं असं?"

"ती सांगते आहे. तुमचा आवाज ओळखला तिनं."

बाई खाली बसल्या. फणीच्या दातांवरून अंगठा फिरवत राहिल्या. मला वाटलं आता भांडतील, नाही म्हणतील.

"मले तं आठवत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "पन म्हटलं असंन. मायी जीभ लय वाईट हाये. दहावीले मार्क कमी पडले तवाही म्या तिले लय बोलली होती. पोरगी खोटं नाही सांगत कधी."

मी आत आले. काम फत्ते केल्यासारखं वाटलं मला. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

शुक्रवारी सकाळी साडेआठला प्रणिताचं पत्रक आलं. अकरा ओळी होत्या. पहिल्या चार-पाच नेहमीच्या: कुणीतरी कफ ओढायचं सक्शन मागितलेलं, कुणाच्या तरी मुलाचा शाळेचा डबा राहिलेला, फरशी ओली आहे जपून. सातव्या ओळीवर मी थांबले.

सोमवार, दहा चाळीस. स्त्री, वय पन्नासच्या पुढे. "खरंच मराचं असतं तं वाचली नसती हे. नाटकं हायेत सारे." उजळणी: एक्केचाळीस वेळा.

आठवी ओळ. सोमवार, दहा चाळीस. स्त्री, वय तिशीच्या आत. "हो ना." उजळणी: तेरा वेळा.

आधी मी वेडीसारखी भेटीच्या वेळांचं रजिस्टर काढलं. आशा वाटली होती, दुसरं काय. कांताबाई टापरे, आगमन सोमवार, संध्याकाळी सहा पन्नास. दहा चाळीसला ही बाई अकोल्याच्या अलीकडे कुठंतरी गाडीत होती. वॉर्डात पन्नाशीपुढची, वऱ्हाडी बोलणारी एकच बाई होती, आणि ती वऱ्हाडी बोलते हे वॉर्डात लिडियाखेरीज कुणालाच धड माहीत नव्हतं. आवाज गुरुवारीच पुसला गेला होता. 'कोण बोललं' हा रकाना मीच काढायला लावला होता.

पेन माझ्या हातात होतं. मी सातव्या ओळीपुढे खूण केली: गोंगाट. आठवीपुढेही केली. दोन सेकंदांचं काम. मनाशी म्हटलं, उरलेले पाच महिने नीट जाऊ देत. एकतीस वर्षांत एक कागद माझ्याविरुद्ध नाही. आणि मुलीला आता सांगून तरी काय, उलट त्रासच व्हायचा. पेशंटच्या भल्याचं कारण पुढे केलं की आम्हाला काहीही करता येतं, हे मला चांगलं माहीत आहे.

मग मी औषधांचं कपाट तपासलं. आणीबाणीच्या औषधांची क्रॅश ट्रॉली तपासली. परत कपाट उघडलं. सहा नंबरच्या सलाइनचे थेंब मोजले, पुन्हा मोजले, मावशींवर उगाच डाफरले. चहा आला तो निवून गेला. काचेच्या दारातून बाक दिसत होता. कांताबाईंनी फणी पदरात धरली होती आणि ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं म्हणत असतील. पाणी आणायच्या निमित्तानं जवळून गेले तेव्हा ऐकू आलं. त्या तेच वाक्य म्हणून बघत होत्या, हळू आवाजात, आपण हे कधी बोललो ते आठवायला. न बोललेलं वाक्य त्यांनी स्वतःचं करून घेतलं होतं.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं. परत धुतलं. घड्याळात साडेबारा झाले होते. सुट्टीला चोवीस तास राहिले नव्हते. ही मुलगी उद्या एकटी खोलीवर जाणार, दार लावून घेणार, आणि झोपेत तिची आई तिला एक्केचाळीस वेळा सांगणार की तू खोटी आहेस, खरी असतीस तर मेली असतीस. खरी असल्याचं सिद्ध करायला तिच्याजवळ मग एकच रस्ता उरतो. हे समजायला मला पट्टीची गरज नव्हती.

पावणेदोनला लिडिया दुपारच्या ड्यूटीवर आली. मी पत्रक तिच्यासमोर ठेवलं. तिनं सातवी ओळ वाचली, आठवी वाचली, आणि पुढच्या दोन खुणा पाहिल्या.

"तेरा वेळा," ती म्हणाली. "सिस्टर, मी नुसतं हो ना म्हटलं होतं."

"माहीत आहे."

"तुम्ही हेमांगीसाठी चिडला होतात."

"ते तिला काय माहीत?" मी म्हटलं. "चल, ओव्हर घे."

दोन वाजता आम्ही तीन नंबरपासून सुरुवात केली. पाचपाशी आलो तेव्हा माझी पावलं सवयीनं पायाशीच थांबली. मी स्टूल ओढलं आणि उशाशी नेऊन बसले. लिडिया उभीच राहिली.

"बेड पाच," मी म्हणाले. "प्रणिता टापरे, वय चोवीस. रक्तदाब चांगला, ताप नाही, सकाळी अर्धी वाटी पेज खाल्ली. सोमवारी सकाळी दहा चाळीसला, पेशंट गुंगीत असताना, तिच्या पायाशी उभं राहून इन्चार्ज सिस्टर वनमाला ढोके तिच्याविषयी वाईट बोलल्या. खरंच मरायचं असतं तर वाचली नसती, असं म्हणाल्या. पेशंटनं ते ऐकलं. पेशंटची आई तेव्हा गाडीत होती. ती संध्याकाळी सहा पन्नासला पोचली."

प्रणितानं मान वळवली. माझ्याकडे ती इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं तिला कळलंच नाही.

"आईनं पाठवलं तुम्हाला," ती शेवटी म्हणाली. "रडली असेल ती. तुम्हाला दया आली."

"नाही, बाळा. हे पत्रक बघ, ही वेळ बघ. हे रजिस्टर बघ."

"कागदावर तुमचं नाव कुठंय?" तिनं पत्रक वरखाली पाहिलं. "आणि तुम्ही अशा बोलतच नाही. दोन दिवस ऐकतेय मी तुम्हाला. पुस्तकासारखं बोलता. तो आवाज आमच्याकडचा होता."

लिडिया माझ्याकडे बघत होती. आजूबाजूच्या बेडवरची माणसं, सहा नंबरची बायको, सगळे ऐकत होते. मी उठले आणि बेडच्या पायाशी गेले, सोमवारी जिथं उभी होते तिथंच. दोन्ही हातांनी कठडा धरला. रागात सहज सुटलेलं वाक्य ठरवून म्हणायला किती जड जातं ते मी सांगू शकत नाही. समोर ते डोळे उघडे होते.

"खरंच मराचं असतं तं वाचली नसती हे," मी म्हणाले. "नाटकं हायेत सारे."

प्रणितानं डोळे मिटले.

"परत म्हणा."

मी परत म्हणाले. दुसऱ्या वेळेला माझा आवाज फुटला, तरी शब्द तेच राहिले, आणि दर्यापूरचा सूर आपोआप आला, माझ्या आईचा, माझ्या मावश्यांचा. तिच्या मिटल्या पापण्यांखाली बुबुळं हलत होती. मागे लिडिया अगदी हळू म्हणाली, "आणि मी म्हटलं, हो ना."

"का?" प्रणितानं डोळे न उघडता विचारलं.

मी हेमांगीचं सांगितलं. मग म्हणाले, "पण ते कारण झालं, माफी नव्हे. आणि मी बोलले ते खोटं आहे. एकतीस वर्षांत मी कितीतरी जण पाहिले, ज्यांना त्या घटकेला खरोखर नकोसं झालं होतं आणि तरी ते वाचले. वाचलेल्यांतले बहुतेक पुढे जगतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. तुझं दुखणं खरं आहे. जगलीस म्हणून ते खोटं ठरत नाही."

"मला तुमचा खूप राग येतोय."

"येऊ दे."

"दोन दिवस मी आईचा करत होते." तिचा खरखरीत आवाज आणखी बसला. "तिनं ऐकून घेतलं? मी म्हटलं ते तिला सांगितलंत?"

"सांगितलं. वर रागावलेही. त्या म्हणाल्या, म्हटलं असंन, पोरगी खोटं नाही सांगत."

आता ती रडायला लागली, तोंड झाकून, खांदे गदगदत. मी हात पुढे केला आणि मागे घेतला, कारण माझा हात तिला चालेल की नाही हे ठरवायचा हक्क मला राहिला नव्हता. लिडियानं तिला टिपायला कापड दिलं. थोड्या वेळानं प्रणिता म्हणाली, "बोलवा तिला."

कांताबाईंना आत आणताना दारापाशी मी त्यांचे हात धरले आणि वऱ्हाडीतच सांगितलं, "ते तुम्ही नव्हतं म्हटलं, बाई. म्या म्हटलं होतं. काल तुम्हाले बोलली तेही चुकलंच मायं." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, पण बहुधा त्यांना फक्त उघडं दार दिसत होतं. त्या मला ओलांडून आत गेल्या. लेकीच्या उशाशी जाऊन बसल्या. मग त्यांनी पिशवीतून फणी काढली.

मी टेबलाशी येऊन पत्रक पुढे ओढलं. सातव्या ओळीपुढची 'गोंगाट'ची खूण खोडली. रकाना नव्हताच, म्हणून समासात लिहिलं: कोण बोललं, वनमाला ढोके, इन्चार्ज. लिडियानं माझ्या हातातून पेन घेतलं आणि आठव्या ओळीपुढे आपलं नाव लिहिलं. मी तिला थांबवायला हवं होतं कदाचित. डॉ. दलवाईंनी संध्याकाळी वाचलं, पहिल्यांदा खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हे चौकशी समितीपुढे जाईल, सिस्टर. तुमची संघटनाही विचारील."

"जाऊ द्या," मी म्हटलं. "सभेत मीच बोलेन. मागच्या वेळीही मीच बोलले होते."

शनिवारी सकाळी प्रणिता आईबरोबर दर्यापूरला जायला तयार झाली, तिथल्या डॉक्टरांचं नाव आणि दलवाईंचा नंबर आईच्या पदराला गाठ मारून. पट्टी शेवटची एक रात्र राहू द्या, असं तिनंच सांगितलं होतं. शेवटचं पत्रक आलं ते घेऊन मी तिच्याजवळ बसले. तेल लावून घट्ट वेणी घातलेली होती. ती माझ्याशी बोलली नाही, पण वाचा म्हणाली.

माझं वाक्य होतंच. उजळणी: नऊ वेळा. इतक्या लवकर ते जाणार नव्हतं, मलाही ते माहीत होतं आणि तिलाही. त्याच्याखाली शुक्रवार, दुपारी तीन पाच, स्त्री, वय पन्नासच्या पुढे: "किती गुतले वं केस तुये. हालू नोको." उजळणी: सव्वीस वेळा.

"हे कुणाचं?" प्रणितानं विचारलं. तिला माहीत होतं, तरी विचारलं.

मी पेन काढलं. त्या ओळीपुढे समासात लिहिलं: आई. आणि वरच्या ओळीपुढे माझं नाव लिहिलं.